स्वस्तातली हेडची जोडी

थोरल्या जावयांना कारखान्यात सगळे मायक्रॉन म्हणत. चौतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. केसाच्या जाडीचा फरक निघाला तरी नग बाजूला टाकणारा. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. कपाटाचं दार नीट बसत नसेल, तर ते किती बसत नाही हे ते आकड्यात सांगायचे. धाकटे जावई रंगाच्या दुकानात विक्रीला होते. कुठलीही वस्तू तिच्यावर लिहिलेल्या किमतीला घेणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून मायक्रॉननी त्यांचं नाव सवलतराव पाडलं होतं. तोंडावर 'साडूभाऊ', पाठीमागे सवलतराव. धाकट्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. निदान आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तरी नाही.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हातात असताना सासूबाईंच्या गाडीचं इंजिन तापून बसलं.

गाडी मूळची सासऱ्यांची. ते गेल्यावर दोघे जावई मिळून ती सांभाळत. जुनी, लांबरुंद, पेट्रोल ढोसणारी. पण दार ऐसपैस आणि सीट अगदी खुर्चीच्या उंचीची. सासूबाईंचा खुबा धरलेला होता. टॅक्सीत बसायचं म्हणजे वाकून आत सरकायचं, ते त्यांना जमत नसे. या गाडीत मात्र त्या पाठ टेकवून बसायच्या आणि मग एकेक पाय सावकाश आत घ्यायच्या. मंगळवारी ग्रंथालय, शनिवारी बहिणीचं घर, असा त्यांचा नेम होता. गाडी बंद पडली आणि तो मोडला. त्या कुरकुर करत नव्हत्या. खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या आणि रस्त्यावरून कोण कुठे चाललंय ते संध्याकाळी मुलींना सांगायच्या. मुलींना ते ऐकवत नसे.

"काटा लाल रेघेवर गेलेला दिसला तेव्हा थांबला का नाहीत?" मायक्रॉन दर भेटीत एकदा तरी हे विचारायचे. पाण्याची रबरी नळी निसटली होती, पाणी सगळं रस्त्यावर सांडलं होतं आणि गाडी तशीच रेटली गेली होती. सवलतराव मान खाली घालून चहा ढवळत राहायचे, साखर कधीच विरघळलेली असली तरी.

शेवटी दोघी बहिणींनी बसून निकाल दिला. गाडी दुरुस्त करायची, इतक्या रकमेत करायची, आणि दोघांनी मिळून करायची.

"मिळून म्हणजे?" मायक्रॉननी बायकोला विचारलं.

"मिळून म्हणजे मिळून. तुम्ही मोजा, ते घासाघीस करतील. भांडायचं असेल तर शेडमध्ये भांडा, आईच्या कानावर येऊ देऊ नका."

मायक्रॉनच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे इंजिन उघडलं. सहा सिलिंडरांचं इंजिन, तीन या कुशीला, तीन त्या कुशीला, आणि दोन्ही कुशींवर झाकणासारखं एकेक हेड. व्हॉल्व्ह त्यातच, पाणी फिरायच्या वाटाही त्यातच. इंजिन तापलं की पहिला घाला हेडवर पडतो. दोन्ही हेडं ते हेडवाल्या बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी वडिलांचं वर्कशॉप पुढे चालवलं होतं. पन्नाशीच्या आतबाहेर असतील, कोपरापर्यंत काळे हात, डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा.

त्यांनी पट्टी आडवी ठेवून प्रकाशात धरली आणि मान हलवली. "हे तडकलंय. ते दुसरं वाकलंय. घासून सरळ केलं असतं, पण मागे कुणीतरी एकदा घासलेलं दिसतंय. आता घासायला धातूच उरला नाही."

"वेल्डिंग?" मायक्रॉननी विचारलं.

"करून देईन. टिकेल म्हणून शब्द देणार नाही."

कंपनीची नवी हेडं मिळायची बंद झाली होती, आणि मिळाली असती तरी ठरलेल्या रकमेत एकसुद्धा आलं नसतं. राहिले दोन रस्ते: कुठल्या तरी अनोळखी कारखान्यात बनलेली स्वस्तातली नवी जोडी, नाहीतर भंगारातल्या गाडीची जुनी.

सवलतरावांनी कुणाला न विचारता नवी जोडी मागवून टाकली. खोका आला त्या दिवशी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन ते शेडवर हजर झाले. व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, सगळं बसवलेलं. चकचकीत धातू. त्यांनी खोक्याचा कागद असा हळुवार सोडवला की आत झोपलेलं मूल असावं.

"घेण्याआधी विचारायची पद्धत असते," मायक्रॉन म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. परत करायची मुदत पंधरा दिवस आहे. मोजून तर बघा."

मायक्रॉननी व्हर्निअर कॅलिपर काढलं, कारखान्यातून निरोपाच्या दिवशी मिळालेलं. मखमलीच्या पेटीत असायचं ते. हेडची जाडी एकशे साडेचार मिलीमीटर हवी. त्यांनी कॅलिपर लावलं, दाराशी उजेडात नेलं, पुन्हा लावलं, डोळ्यांजवळ आणलं, लांब धरलं.

"एकशे साडेतीन," ते म्हणाले. "एक मिलीमीटर कमी. दुसरंही तसंच. एक मिलीमीटर म्हणजे काय असतं माहीत आहे? आमच्याकडे एवढ्याला माणूस घरी गेला असता." त्यांनी दोन्ही हेडांवर चिकटपट्टी लावून वर पेनाने आकडा लिहिला आणि कॅलिपर पेटीत ठेवलं.

घरी गेल्यावर सवलतराव बायकोला म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी आणलेली कुठली गोष्ट बरोबर निघाली तर रात्री झोप लागणार नाही."

मग दुसरा रस्ता. रविवारी सकाळी दोघे भंगारवाल्याच्या आवारात गेले. गाड्यांवर गाड्या रचलेल्या, खाली तेलकट माती, मधून चालायला हातभर वाट. तशाच बनावटीची एक गाडी कोपऱ्यात सापडली. मागून ठोकलेली, इंजिन शाबूत. मायक्रॉन त्या हेडांवर तळवा फिरवत बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या बोटांनी कधी दगा दिला नव्हता. "ही घेऊ," ते म्हणाले. "कंपनीचा माल आहे. हाताला कळतो."

सवलतरावांना वाटलं, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये काळी रेघ दिसतेय. पण काजळी असेल, आणि बोललं तर पुन्हा काट्याची गोष्ट निघेल, म्हणून ते गप्प राहिले. भंगारवाल्याशी मात्र त्यांनी असा काही भाव पाडला की तो शेवटी म्हणाला, "घेऊन जा साहेब, पण पुन्हा येऊ नका."

दोन्ही जोड्या हेडवाल्या बाईंच्या टेबलावर आल्या. बाईंनी आधी भंगारातली घेतली. पाण्याच्या वाटा रबरी पट्ट्यांनी बंद केल्या, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत उतरवलं. तिघे कडेला उभे राहून पाण्याकडे बघत होते. आधी काहीच झालं नाही. मग मधल्या दोन व्हॉल्व्हच्या बेचक्यातून एक बुडबुडा सुटला, त्यामागून दुसरा, आणि मग बारीक माळ लागली.

"गेलं हे," बाई म्हणाल्या. हेड वर काढून त्यांनी फडक्याने पुसलं. "साध्या डोळ्यांनाही दिसतेय की ही चीर, काका. ही बघा. नखाएवढी लांब."

मायक्रॉन वाकले. बाईंच्या बोटाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सवलतरावांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. राग असता तर त्यांनी ओळखला असता.

"तिथे अंधार होता," सवलतराव पटकन म्हणाले. "मीही होतो बरोबर. मलाही दिसली नाही."

बाईंनी ते हेड बाजूला ठेवलं आणि नवी जोडी पुढे ओढली. एक हेड उलटं करून बोटाने एका वाटेत खरवडलं, तर चमचाभर वाळू टेबलावर सांडली. "ओतकामातली तशीच राहिलीय. धुवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत." त्यांनी व्हॉल्व्ह हलवून पाहिले. दोन डुगडुगत होते. मग टाकीत उतरवलं. पाणी शांत राहिलं. पहिलं हेड, दुसरं हेड, एक बुडबुडा नाही. पट्टी ठेवली, पृष्ठभाग सरळ. शेवटी कॅलिपर लावलं.

"एकशे साडेचार. अगदी बरोबर." मग त्यांची नजर चिकटपट्टीवर गेली. "हे एकशे साडेतीन कुणी लिहिलं?"

वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनचा आवाज चालू होता. सवलतरावांच्या डोळ्यांपुढून शेडचं दार, उजेडात धरलेलं कॅलिपर, जवळ नेलेलं, लांब धरलेलं, हे सगळं एकदमच गेलं.

"मी," ते म्हणाले. "मीच मोजलं. मला कुठे ते धड वाचता येतं. रंगाच्या डब्यावरची तारीख वाचतो तेवढंच."

बाई हसल्या. "दादा, तुम्ही रंगच विका. काकांना मोजू द्यायचं होतं ना." आणि त्यांनी चिकटपट्टी ओरबाडून काढली. "हे बघा, धातू चांगला आहे, काम आळशी आहे. ओतणाऱ्याने नीट ओतलंय, पुढच्याने उरकलंय. मी सगळं धुऊन देते, डुगडुगणाऱ्या दोन व्हॉल्व्हच्या नळ्या, गाइड, बदलते, व्हॉल्व्हच्या बैठकी नव्याने कापते. तीन स्प्रिंगा मऊ आहेत, त्या तुमच्या जुन्या हेडातल्या घालू. तेवढं केलंत तर ही जोडी तुम्हाला फसवणार नाही."



दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मायक्रॉन रंगाच्या दुकानात येऊन उभे राहिले. याआधी ते तिथे कधी आले नव्हते. सवलतराव एका गिऱ्हाइकासाठी डब्यात रंग घोटत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मायक्रॉन थांबले आणि मग खिशातून रबरी नळीचा वीतभर तुकडा काढून काउंटरवर ठेवला.

"ती नळी आहे. पाण्याची. निसटली ती."

"बरं."

"तिच्यावर लोखंडी पट्टी आवळल्याची खूण बघा. अर्धी रबरावर आहे, अर्धी बाहेर. पट्टी कडेवरच बसली होती. निसटणारच." ते थांबले. "त्याच आठवड्यात मी पाणी बदललं होतं. ती पट्टी माझ्या हातची आहे. आज सकाळी बोटांनी चाचपली तेव्हा कळलं. आठ महिने मी तुम्हाला..."

सवलतरावांनी नळी उचलून पाहिली. खूण स्पष्ट होती. एक क्षण त्यांना वाटलं की आता आठ महिन्यांचा हिशेब चुकता करावा, आणि वाक्यं जिभेवर तयारही होती. पण समोर उभा असलेला माणूस शाळेतून घरी पाठवलेल्या मुलासारखा दिसत होता.

"भाऊ," ते म्हणाले, "मला काटा दिसत होता. लाल रेघेवर गेलेला दिसला. मला वाटलं, पुढे चार किलोमीटरवर पंप आहे, तिथे पाणी फुकट मिळेल. बाटलीचं कशाला विकत घ्या. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही."

मायक्रॉन बघतच राहिले. मग त्यांच्या खांद्यांत काहीतरी हललं. ते हसत होते, आवाज न करता, आणि डोळे पुसत होते.

सवलतरावांनी मागच्या फळीवरून रंगाची दोन कार्डं काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "यातलं पांढरं कुठलं?"

"पांढरं कुठे आहे? दोन्ही पिवळट आहेत."

"हे पांढरंशुभ्र आहे भाऊ. याहून पांढरा रंग आमच्या दुकानात नाही."

मायक्रॉननी कार्ड हातात घेतलं, दाराकडे वळून उजेडात धरलं आणि पुन्हा काउंटरवर ठेवलं. "किती दिवस झाले असतील कोण जाणे," ते म्हणाले. "वर्ष. दीड वर्ष. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे नुसते फुटतात."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? चौतीस वर्षं मायक्रॉन म्हणवून घेतलं. आता सांगू, मिलीमीटर दिसत नाही म्हणून?"

त्या दिवशी सवलतरावांनी त्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. एक, बायकोला, म्हणजे थोरलीला, आजच्या आज सांगायचं आणि या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. दुसरी, इंजिन मात्र कुणा तिसऱ्याकडे द्यायचं नाही. "तुमचे हात, माझे डोळे," ते म्हणाले. "वाचायचं काम माझं. पण मला शिकवावं लागेल. व्हर्निअर मला खरंच येत नाही, ते खोटं नव्हतं."

थोरलीला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. "मला वाटतच होतं," ती म्हणाली. "तीन महिने तुम्ही भाताऐवजी ताटाची कड चमच्याने खरवडताय." डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. उजव्याची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी ठरली.

त्या तीन आठवड्यांत हेडं बसली. बाईंकडून आली तेव्हा ती ओळखू येत नव्हती. वाटा स्वच्छ, बैठकी आरशासारख्या. मायक्रॉननी प्रत्येक व्हॉल्व्ह बोटाने हलवून बघितला आणि मान डोलावली. बोल्ट आवळताना ते मधल्यापासून सुरुवात करत, कडेकडे सरकत, तीन फेऱ्यांत. जोर दाखवणाऱ्या पान्ह्यावरचा आकडा सवलतराव मोठ्याने वाचत.

"चाळीस."

"चाळीसच का? नीट बघा."

"चाळीसवर काटा आहे भाऊ. रेघेच्या मधोमध."

"काट्याच्या बाबतीत तुमच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे," मायक्रॉन म्हणाले, आणि दोघेही इतके हसले की थोरली काय झालं म्हणून मागच्या दाराशी आली.

सवलतराव शिकले. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी फट मोजायच्या फीलर गेजची पानं तीनदा उलटी धरली आणि शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी व्हॉल्व्हची फट त्यांनी स्वतः मोजली. मायक्रॉननी तेच पान फटीत सरकवून बोटाने अंदाज घेतला आणि म्हणाले, "बरोबर." एवढंच. पण घरी जाताना सवलतरावांनी रस्त्यात बायकोला फोन करून ते सांगितलं.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं ते शनिवारी दुपारी. तीन वेळा नुसतं घरघरलं. चौथ्यांदा धरलं, पांढरा धूर सोडला, शेड भरून गेली. दोघे खोकत बाहेर आले. धूर विरला तसा आवाज सारखा होत गेला, पण त्यात एक टकटक होती, बारीक, घड्याळासारखी.

सवलतरावांचं तोंड उतरलं. "हेडच खराब निघालं का? शेवटी स्वस्तातलंच."

"थांबा," मायक्रॉन म्हणाले. त्यांनी लांब पेचकस घेतला, मूठ कानाला लावली आणि टोक एकेका ठिकाणी टेकवत गेले. डोळे मिटलेले. "उजवी कूस. पुढून दुसरा. तुमच्या हेडचा दोष नाही. नट सुटलाय. बहुतेक माझाच." झाकण उघडलं तर तसंच होतं. सवलतरावांनी फट वाचली, मायक्रॉननी नट आवळला, टकटक थांबली.

मंगळवारी सासूबाईंना घेऊन गाडी ग्रंथालयात गेली. चालवायला सवलतराव, शेजारी मायक्रॉन. सासूबाईंनी मागे बसून आधी खिडकीची काच खाली केली. ग्रंथालयात त्यांनी आठ महिन्यांची पुस्तकं एकाच दिवशी मागितली. ग्रंथपाल म्हणाला, चारच मिळतील. त्यावर त्यांनी दोन्ही जावयांना कार्डं काढायला लावली आणि बारा घेऊन आल्या. गाडी पार्क केली होती तिथे सवलतरावांनी तापमानाचा काटा येताना एकदा आणि निघताना दोनदा पाहिला. तो मध्यावरच होता.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला जाताना सासूबाईंनी बरोबर यायचा हट्ट धरला. मला काय, फिरायला निमित्त, म्हणाल्या. दवाखान्यातून मायक्रॉन काळा चष्मा लावून बाहेर आले आणि पायरीवरच उभे राहिले. समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीला नुकताच रंग दिला होता.

"पांढरा," ते म्हणाले.

"मोतिया," सवलतराव म्हणाले. "पण जवळपास."

परतताना ते वाटेतली एकेक पाटी वाचू लागले. शिवणयंत्र दुरुस्ती. दातांचा दवाखाना. गाळे भाड्याने देणे आहे, खाली फोन नंबर, तोही सबंध. आधी सगळ्यांना बरं वाटलं. मागे बसलेली थोरली हसतहसत रडलीसुद्धा. पण मैलभर तेच चाललं तेव्हा सासूबाईंनी पुस्तकातून मान वर काढली.

"जावईबापू, डोळे उघडले हे फार चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "आता थोडा वेळ तोंड मिटा."

मायक्रॉन गप्प बसले. दोन सिग्नल कसेबसे गेले. मग टायरच्या दुकानावरची पाटी आली, बारीक अक्षरांतली, आणि त्यांच्याने राहवेना.